चतुराबाईची धार

ताडकळसच्या सुतारआळीत चतुराबाईचं नाव निघालं की माणसं आधी हसायची आणि मग मागे वळून बघायची. हसायची, कारण तिच्या तोंडाचे किस्से आळीत सगळ्यांना पाठ होते. मागे बघायची, कारण ती जवळपास असली तर नवा किस्सा तिथल्या तिथे घडायचा आणि तो नेमका आपल्याच अंगावर यायचा.

मुंजाजी सुताराची ही एकुलती एक लेक. मुंजाजी गाडे करायचा, तिफणी करायचा, दारं-चौकटी करायचा. पण त्याचं नाव होतं ते रंध्याच्या पात्याला धार लावण्यात. सुताराचा रंधा म्हणजे एक लाकडी ठोकळा आणि त्याच्या पोटातून जेमतेम डोकावणारं पोलादी पातं. पातं चांगलं असेल तर फळीवरून लांबलचक पातळ साल निघते आणि खाली लाकूड चकाकतं. पातं बोथट असेल तर फळी कुत्र्यानं चावल्यासारखी दिसते. मोगलाईचे दिवस होते, चांगलं पोलाद सहजासहजी मिळत नव्हतं. रेल्वेच्या कुठल्या तरी मोडक्या पट्टीतून लोहाराकडून घडवून घेतलेलं पातं माणूस जन्मभर वापरायचा. असलं पातं सुतार कुणाच्याही हातात देत नाही. बायकोवर नसेल एवढा त्याचा जीव त्या पात्यावर असतो. पण बाजाराच्या दिवशी पूर्णेपासून जिंतुरापर्यंतचे सुतार आपापली पाती फडक्यात गुंडाळून मुंजाजीच्या ओसरीवर यायचे आणि निर्धास्त चहा प्यायला निघून जायचे.

मुंजाजीकडे लाखेत कुरुंदाच्या कठीण दगडाची भुकटी कालवून केलेलं एक चाक होतं. चाकाच्या आसाला चामड्याची वादी गुंडाळलेली. ती समोर बसून दोन्ही हातांनी मागेपुढे ओढायची, मग चाक फिरायचं. हे काम लहानपणापासून चतुराचं. वादी ओढायची म्हणजे हत्याराला हात लावल्यासारखं होत नाही, अशी सोय मुंजाजीनं मनाशी करून घेतली होती, कारण सुताराच्या हत्याराला बाईचा हात लागू नये हा त्या जमातीचा जुना कायदा. दसऱ्याला हत्यारांची पूजा मांडली की बायकांनी उंबऱ्याच्या आतूनच नमस्कार करायचा. चतुरा वादी ओढायची आणि डोळे पात्यावर ठेवायची. पातं चाकावर जास्त वेळ धरलं की काठ निळा पडतो. निळा पडला म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, मग ते पातं गेलं कामातून. म्हणून घडीघडीला पाण्यात बुडवायचं. चाकावरून उतरलं की सहाणेवर. सहाण म्हणजे हातभर लांबीचा बारीक पोताचा दगड. पात्याचा उतार तिच्यावर टेकवून घासत राहायचं, काठावर बोटाला लागेल न लागेल अशी मुरड येईपर्यंत. मग पातं उलटं करून पाठ सपाट ठेवून ती मुरड काढायची. आणि घासताना सहाण या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी वापरायची. एकाच जागी घासलं की दगडाला खळगा पडतो आणि खळगा पडलेल्या दगडावर पात्याची धार गोल होते. हे सगळं तिला कुणी शिकवलं नाही. तिनं ते बघून घेतलं, आणि बघू नको असं म्हणायचं बापाला सुचलं नाही.

लग्न करून दिलं जिंतुराकडच्या भुजंगला. सुताराचंच घर. सासरी जाऊन चार महिने झाले असतील. एक दिवस भुजंग अंगणात फळी रंधत होता, सासरा खाटेवर बसला होता, आणि ही पाण्याचा हंडा घेऊन आली. आली तशी आत जावं ना, पण थांबली.

"रंधा लाकूड चावायलाय," ती म्हणाली. "पात्याची पाठ गोल झालीया तुमच्या."

भुजंगनं फळी खाली ठेवली. बापासमोर बायकोनं पात्याची उणीदुणी काढायची म्हणजे सुताराच्या दृष्टीनं यापेक्षा अंगावरचं धोतर ओढलेलं बरं. तो म्हणाला, "माफी माग."

"धार लावून देते. माफी कशापायी?"

हा तंटा वाढत वाढत गेला. सासूनं समजावलं, भावकीनं समजावलं, एवढंच म्हण की चुकलं. चतुरा म्हणाली, चुकलं असतं तर म्हणाले असते. पुढच्या लग्नसराईत भुजंगनं दुसरी बायको केली आणि ही आपलं गाठोडं उचलून ताडकळसला आली. रस्त्यात रडली असेल तर रस्त्यालाच ठाऊक. आळीत शिरताना डोळे कोरडे होते आणि मान ताठ होती, आणि ती ताठ मान बायकांना फार खुपली. टाकलेल्या बाईनं थोडं तरी वाकून चालावं अशी लोकांची अपेक्षा असते.

त्याच साली मुंजाजीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला तो पडलाच. मग त्या घरानं एक युक्ती काढली, आणि गावानं ती युक्ती डोळे उघडे ठेवून पत्करली. मुंजाजी समोर ओसरीवर बसायचा. सुतार पातं त्याच्यापुढे ठेवायचे. तो ते डाव्या हातानं मागच्या दाराआड सरकवायचा. आत चतुरा बसलेली असायची. घासण्याचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू यायचा आणि बाहेरची माणसं मोठमोठ्यानं कापसाच्या भावाबद्दल बोलायची. पातं बाहेर आलं की मुंजाजी ते आपल्या त्या लुळ्या हातावरून फिरवायचा. हातावरचे केस गवतासारखे उतरले की धार झाली. सुताराची पारख हीच. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत वांग्यासारखा गुळगुळीत झाला होता. सुतार म्हणायचे, "मुंजाजी, हात गेला पन धार न्हाई गेली तुजी." दाराआड चतुरा हे ऐकायची. बापाच्या तोंडावर समाधान दिसायचं म्हणून गप्प बसायची. तिच्या आयुष्यात ती गप्प बसली ते एवढंच.

मुंजाजी गेला तो महायुद्ध ऐन भरात असताना. तेराव्याला सुतारांची जमात जमली. मुलगा नव्हता, म्हणून पाणी पाजलं ते पुतण्या लिंबाजीनं. लिंबाजी माणूस वाईट नव्हता, पण त्याला आपण मोठे आहोत असं वाटायचं आणि दुसऱ्या कुणाला ते वाटत नाही याचं त्याला दुःख होतं. तो उठून म्हणाला, "काकाचं घर बुडालं. हत्यारं माज्याकडं यावीत. चाक आन सहान मी न्हेतो."

जमातीचे मुख्य आसाराम तात्या. पांढऱ्या मिशांचा, तोलून बोलणारा म्हातारा. त्यांनी मान हलवली. रीतीला धरूनच होतं.

त्या जमातीची आणखी एक रीत होती. बैठक उठताना एकेका घराचं नाव मानाच्या क्रमानं पुकारायचं आणि त्या घराच्या कर्त्यानं पुढे येऊन विडा घ्यायचा. ज्या घराचं नाव पुकारलं जात नाही ते घर जमातीत नाही. त्याच्याकडे लग्नाची अक्षत जात नाही, त्याच्या मढ्याला खांदा मिळेल की नाही हेही सांगता येत नाही. मुंजाजीचं घर तिसरं, लिंबाजीचं चौथं. त्या दिवशी तात्यांनी दुसऱ्या नावावरून थेट चौथं नाव घेतलं. चतुरा आतल्या खोलीत बसली होती. मधलं नाव गळलेलं तिला ऐकू आलं. बाप गेल्याचं दुःख तिला तेरा दिवस झालं होतं; आता राग आला, आणि तो दुःखापेक्षा पुष्कळ बरा वाटला. घर बुडालं म्हणे. मग मी कोण, पडवीतली मांजर?

लिंबाजी चाक आणि सहाण डोक्यावर घेऊन निघाला तेव्हा ती दारात उभी होती.

"लिंबादादा, सहान न्हे. पन पाटा न्यायचा न्हाई."

"पाट्याला मी काय करू?" लिंबाजी म्हणाला.

"म्हनूनच म्हनते."

पाटा-वरवंटा तिच्या आईचा, नर्मदाबाईचा. बाईची वस्तू बाईकडे जाते, त्यावर कुठल्या जमातीचा हक्क नाही. तिनं तो काळा दगड अंगणात ओढला आणि पालथा घातला. खालची बाजू ओबडधोबड होती, तिला कधी टाकी लागली नव्हती. दगड सपाट होतो तो दगडावर घासूनच. आणि दोनच दगड असले तर एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळग्यात जाऊन बसतो, म्हणून तिसरा लागतो. तिनं नदीची वाळू आणली. पाटा पायरीच्या फरशीवर घासला, मग धुण्याच्या दगडावर घासला, मग फरशी धुण्याच्या दगडावर, पुन्हा पाटा. वाळूवर पाणी, पाण्यावर वाळू. दंड भरून यायचे, रात्री भाकरी मोडताना बोटं मिटायची नाहीत. आळीतल्या बायका पाणी भरायला जाताना थांबून बघायच्या.

शेजारची धुरपताबाई, शेतकऱ्याची विधवा, कुंपणावरून म्हणाली, "आगं, भरल्या घरात पालथा पाटा बरा न्हवं."

"भरलंय कुठं घर? बुडालंय. जमातीनंच सांगितलंय."

"आन चटनी कशावर वाटशील?"

"तुमच्या पाट्यावर. तुमच्या घरी येऊन."

आणि खरंच ती जायची. धुरपताबाईला आधी ते आवडलं नाही, नंतर चतुरा आली नाही की तिला करमेना.

कुरुंदाची भुकटी वस्त्रगाळ करून तिनं पाट्यावर घेतली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि घरातली विळी, खुरपं, मुंजाजीच्या खुंटीवर विसरून राहिलेलं एक जुनं पातं असं सगळं घासून बघितलं. जुन्या पात्याला धार आली तेव्हा ती एकटीच बसून हसली. मग पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं पाटा उचलून समोरच्या ओसरीवर, बाप बसायचा त्या जागी मांडला, शेजारी पाण्याची घागर ठेवली, आणि पदर खोचून रस्त्याकडे तोंड करून बसली.

त्या दिवशी एक आसाराम तात्या सोडले तर सुतारआळीतून जाणाऱ्या प्रत्येक सुताराला आकाशात काहीतरी दिसत होतं. माना वर करून सगळे गेले. ढग नव्हता, पाखरू नव्हतं. पुढच्या बाजारी तेच. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. जाणारे सगळे लिंबाजीकडे जात होते. चतुरा दिवसभर बसायची, उन्हं कलली की पाटा धुवायची, आणि पुन्हा बसायची.

इकडे लिंबाजीचं काय चाललं होतं, तर तो घाईचा माणूस. सहाणेच्या मधोमधच त्याचा हात चालायचा, टोकांना जायचा त्याला कंटाळा. मुंजाजीनं जन्मभर आरशासारखी राखलेली ती सहाण दोन महिन्यांत पोटाला खोल झाली. लिंबाजीला ते दिसत नव्हतं असं नाही. पण दिसलं म्हटलं तर सपाट करावी लागली असती.

पहिला आला वैजीनाथ. एरंडेश्वरकडचा गाडे करणारा, लाजाळू माणूस. दिवेलागणीला परसदाराशी उभा राहून खाकरला. चतुरानं दार उघडलं तर त्यानं फडक्यातलं पातं पुढे केलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "लग्नाचा पाट करायलोय. फळी नुसती उचकटायलीय, बाई."

"समोरून आला असतात तर पाय झिजले असते का?"

वैजीनाथनं पातं आणखी पुढे केलं. चतुराच्या मनात आलं, दार लावून घ्यावं. मग तिनं पातं पणतीजवळ नेलं. काठ गोल, पाठ गोल, एका कोपऱ्याला निळसर डाग. चांगल्या पोलादाचे असे हाल बघून तिला इतकं वाईट वाटलं की माणसाचा राग बाजूला राहिला. ती बसली आणि तिनं धार लावली. लावून झाल्यावर म्हणाली, "हात पुढं करा."

"आं?"

"पारख नको का? मी काय माज्या हातावर करू? मला तुमच्यासारखं रान न्हाई उगवत. बाही वर करा."

परक्या बाईपुढे हात करायचा म्हणजे वैजीनाथला घाम फुटला. पण पारख झाल्याशिवाय ती पातं देईना. शेवटी त्यानं डोळे मिटून हात पुढे केला. पातं त्याच्या हातावरून एकदाच फिरलं, आणि दोन बोटं रुंद पट्टा साफ झाला. त्याला ते कळलंसुद्धा नाही. डोळे उघडून त्यानं त्या पट्ट्यावर अंगठा फिरवला आणि नकळत म्हणाला, "मुंजाजीचीच धार."

"मुंजाजी मेला," चतुरा म्हणाली. "जा आता."

वैजीनाथनं कुणाला सांगितलं नसेल. पण त्याच्या पाटाची फळी लोकांनी बघितली. मग दुसरा आला, मग तिसरा. सगळे परसदारानं, सगळे दिवेलागणीला, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपण एकटेच एवढे हुशार. प्रत्येकाला ती म्हणायची, समोरून या. प्रत्येकजण हो म्हणायचा. आणि प्रत्येकाच्या हातावर ती पट्टा ओढायची. पारख केल्याशिवाय एकही पातं तिनं दिलं नाही. आणि बाजारात हेच लोक रंधलेली फळी पुढे करून सांगायचे, "लिंबाजीची धार." लिंबाजी मान डोलवायचा. त्याच्याकडे महिन्याला जेमतेम एखादं पातं येत होतं हे त्याला माहीत होतं, पण तसं म्हणायचं कसं?

चतुराला हे कळलं की ती घरातली भांडी आपटायची. तिला भाकरीची चिंता नव्हती. येणारे ज्वारी, डाळ आणून टाकतच होते. पण बापाच्या वेळी ती दाराआड होती आणि आता बाप नसतानाही दाराआडच. फरक एवढाच की तेव्हा पुढे बाप बसलेला होता आणि आता ती स्वतः पुढे बसलेली असून लोकांना दिसत नव्हती. बाजाराच्या दिवशी ओसरीवर बसणं मात्र तिनं एकदाही चुकवलं नाही. धुरपताबाई म्हणायची, "येतंय कोन? कामून बसतीस उन्हात?"

"येत न्हाईत ते त्यांचं. मी बसलेय ते माजं."

शेवटी लिंबाजीनंच जमात बोलावली. लोक येत नाहीत म्हणून नव्हे, तसं तो मेला तरी म्हणाला नसता. तक्रार अशी, की बाईनं हत्याराला हात लावला, पाटा पालथा घातला, जमातीची बेइज्जती केली. तेव्हा पाटा विहिरीत टाकावा, आणि यापुढे जो तिच्याकडे जाईल त्याला वाळीत टाकावं.

वैशाखातली दुपार होती. कालिकेच्या देवळाच्या मंडपात बैठक बसली. अंगाची लाही होत होती, एरवी सुतार असल्या दिवसांत बिनबाह्यांची बंडी घालूनही वारा घेत बसतात. पण त्या दिवशी एकजात सगळे पूर्ण बाह्यांच्या पैरणी घालून आले होते, आणि बाह्या मनगटाशी घट्ट बांधून घेतल्या होत्या. प्रत्येकानं दुसऱ्याची पैरण बघितली आणि कुणीच कुणाला काही विचारलं नाही. घामानं पाठी भिजून गेल्या. फक्त आसाराम तात्या आणि लिंबाजी बंडीत होते.

लिंबाजीनं तक्रार मांडली. तात्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"तिच्याकडं कोन जातंय?"

एकदोघांनी बाहीचे बंद आणखी आवळले.

"कुनीच जात न्हाई?"

"न्हाई तात्या," एकजण म्हणाला. मग दुसराही म्हणाला. मग वैजीनाथचीही पाळी आली आणि तोही खाली मान घालून न्हाई म्हणाला.

"मग फैसला सोपा हाय," तात्या म्हणाले, आणि तेवढ्यात मंडपाच्या पायरीवर सावली पडली.

बायका त्या बैठकीत येत नसत. नवरात्रात येत, आरतीला येत, बैठकीला नाही. चतुराबाई पायरी चढून आत आली, देवीला हात जोडले आणि खांबाला टेकून उभी राहिली. हात काळे होते. लोखंडाचा तो काळा चिखल राखेनं घासूनही कधी निघत नसे.

"चतुरे, ही जागा न्हाई तुजी," लिंबाजी म्हणाला.

"माज्या पाट्याचा फैसला हाय. पाटा चालत येत न्हाई म्हनून मी आले." ती तात्यांकडे वळली. "तात्या, माज्याकडं कुनी येत न्हाई म्हंत्यात. मग विहिरीत काय टाकता? चटनी वाटते मी, वाटू द्या."

"लिंबाजी म्हंतो, येतात."

"कोन खरं, कोन खोटं, मला सांगायचं न्हाई. मी कुनाचं नाव घेनार न्हाई." ती थांबली. "लय गरम व्हायलंय हितं. समद्यांना म्हना, बाह्या वर करा."

कुणी मनगट दाबून धरलं, कुणी हात मांडीखाली घातला. तात्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी त्या भिजलेल्या पैरणींकडे नीट बघितलं, आणि त्यांना कळलं.

"वैजीनाथ," ते हळू म्हणाले. "बाही वर कर."

वैजीनाथनं बंद सोडला. हातावर पट्टा होता, नवा, दोन बोटं रुंद. शेजाऱ्याची बाही तात्यांनी स्वतः वर केली. तिथेही पट्टा, त्यात खुंट उगवायला लागलेले. मग सांगावं लागलं नाही. एकेक बाही आपोआप वर गेली. कुणाचा पट्टा परवाचा, कुणाचा पंधरवड्याचा, एकाच्या हातावर तर एकाखाली एक असे तीन, शेताच्या वाफ्यांसारखे. लोक एकमेकांचे हात बघत राहिले. आपण एकटेच हुशार नाही हे कळल्यावर माणसाचं तोंड जसं होतं तशी सगळ्यांची तोंडं झाली होती.

"आता लिंबादादाचा हात बगा," चतुरा म्हणाली.

लिंबाजीचा हात उघडाच होता. अस्वलासारखा केसाळ, आणि मधूनमधून कापल्याचे वण. जिल्ह्याला धार लावणारा माणूस, आणि त्याच्या हातावरचा एक केस त्याच्या पात्यानं उतरला नव्हता. लिंबाजीनं हात मागे घेतला. कुणीतरी हसलं, मग ते हसू मंडपभर पसरलं, आणि त्यात सुटकेचा भागच जास्त होता.

आसाराम तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी आपला हात पुढे धरून बघितला. त्यावरही सगळे केस शाबूत. दीड वर्ष ते इमानानं लिंबाजीकडे जात होते, फळी उचकटली तरी जात होते, कारण जमातीनं ठरवलं होतं.

"म्हंजे वाळीत टाकायचं म्हटलं तर," ते म्हणाले, "जमातीत मी आन लिंबाजी, दोघंच उरतो."

"तुमी खरं वागलात तात्या," चतुरा म्हणाली. तिला खरोखर तसं वाटलं. "माज्या ओसरीवरून तुमी समोर बगत गेलात. बाकीच्यानी आभाळ बगितलं. पन फळ्या लय वाईट झाल्या तुमच्या."

तात्यांनी मिशांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पाटा विहिरीत जानार न्हाई. कुनी वाळीत जानार न्हाई. आन लिंबाजी, सहान तिची तिला परत दे."

"नको," चतुरा म्हणाली. "तिला इतकं पोट आलंय की आता कालवन वाढून घ्या तिच्यात. दादाकडंच राहू द्या. मला पाटा बास हाय."

लिंबाजी खाली बघत होता. 

फैसला संपला. विड्यांचं तबक पुढे आलं. तात्यांनी पहिलं नाव पुकारलं, माणूस उठला, विडा घेऊन बसला. दुसरं नाव झालं. मग तात्या थांबले, चतुराकडे बघितलं, आणि त्यांनी दीड वर्षापूर्वी गाळलेलं नाव घेतलं.

"मुंजाजीचं घर."

सगळ्यांना बरं वाटलं. म्हाताऱ्यानं मोठं मन केलं असं सगळ्यांच्या तोंडावर दिसलं. चतुरालाही बरं वाटलं, कारण बापाचं नाव त्या मंडपात पुन्हा उमटलं होतं. पण ती खांबापासून हलली नाही.

"मुंजाजीचं घर," तात्या पुन्हा म्हणाले. "ये बाई, घे."

"मुंजाजी मेला तात्या."

"घर त्याचंच हाय न्हवं? बापाच्या नावानं घे. त्यात कमीपना काय?"

"कमीपना न्हाई. माज्या बापाचं नाव लय मोठं हाय, ते जोडून घ्या पाहिजे तर. पन तो असताना मी दाराआड बसले. आता त्याच्या नावाआड न्हाई बसायची." तिनं आवाज चढवला. "धार कोन लावायलाय, विचारा ह्यांना. हात दाखवलेत, आता तोंडानं सांगा म्हना."

तात्यांनी मंडपात बघितलं. उघड्या हातांची सगळी माणसं बसली होती. कुणी विड्याच्या तबकाकडे बघत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. वर बघायला मंडपाला छप्पर होतं, आभाळ नव्हतं. तात्या घाई न करता थांबले. चतुराही थांबली. तिला थांबायची सवय होती.

"चतुराबाई," वैजीनाथ म्हणाला. इतक्या बारीक आवाजात की शेजाऱ्यालाच ऐकू गेलं. मग तो उठून उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, "धार चतुराबाईची हाय."

"चतुराबाईची," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी दोघं-तिघं. बाकीचे गप्प राहिले, पण न्हाई असं कुणी म्हणालं नाही.

आसाराम तात्यांनी तबकातला विडा उचलला. त्यांच्या साऱ्या हयातीत, आणि त्यांच्या बापाच्या हयातीत, त्या मंडपात बाईचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. ते नाव तोंडातून काढायला त्यांना कष्ट पडले, आणि ते कष्ट त्यांनी लपवले नाहीत.

"चतुराबाई मुंजाजी सुतार," त्यांनी पुकारलं.

ती पुढे आली. काळ्या बोटांनी विडा घेतला, देवीकडे बघून कपाळाला लावला, आणि मागे खांबाशी न जाता पुरुषांच्या रांगेत, बाप बसायचा त्या जागी जाऊन बसली. शेजारच्यानं थोडं सरकून जागा दिली. तात्यांनी घसा साफ केला आणि पुढचं नाव घेतलं. ते लिंबाजीचं होतं.